नावं लिहून काढा, नगरकरांनो

झहीर खान श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, हे आपल्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. आता त्याच पोराला विचारा, नगरच्या मैदानावर फुटबॉल खेळून गेलेल्या एका तरी गड्याचं नाव सांग. मेस्सी सांगेल, रोनाल्डो सांगेल, फार तर सुनील छेत्रीपर्यंत येईल. मग त्याच्या आजोबांना विचारा. आजोबा आधी 'आता कुठं आठवतंय' म्हणतील, चष्मा काढून पुसतील आणि सुरू होतील. चार नावं येतील, त्यातली तीन टोपणनावं. कोण डावखुरा होता, कोण कॉर्नर घ्यायच्या आधी कपाळाला माती लावायचा, कुणाला पंचांनी बाहेर काढलं आणि नंतर गेटवर काय राडा झाला. अर्धा तास कुठं गेला कळणार नाही.

तो अर्धा तास आजवर कुणी लिहून ठेवलेला नाही. तो वाचवायचा आहे, आणि त्यासाठी हे सगळ्यांना साकडं.

नगरला फुटबॉल कुणी गाजावाजा करून आणला नाही. १८०३ मध्ये वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला आणि हे गाव छावणीचं झालं. पुढे जिथे जिथे गोरी पलटण मुक्कामाला होती तिथे तिथे हा खेळ आला, तसा तो भिंगारलाही आला. स्वातंत्र्यानंतर छावणी राहिलीच. चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा इथे आली, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आलं. एकीकडे लष्कर, दुसरीकडे १८३१ पासून इथे असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा, आणि १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी उभं केलेलं अहमदनगर कॉलेज. ज्या गावात सैनिक, शाळकरी पोरं आणि कॉलेजकुमार हाकेच्या अंतरावर राहतात तिथे चेंडू लाथाडला जाणारच. भिंगारच्या जुन्या माणसांना विचारा, पलटणीच्या संघांबद्दल ते सांगतील. कुणी पंजाबी, कुणी मल्याळी, कुणी गोरखा. दोन-तीन वर्षं इथे खेळायचे आणि बदली झाली की जायचे. त्या खेळाडूंची नावं सैन्याच्या कागदांत असतीलही. पण आपल्या गावाने त्यांना काय नाव ठेवलं होतं, ते सैन्याला कसं माहीत असणार?

क्लबांची नावं मी इथे मुद्दाम घेत नाही. एकाचं घेतलं की दुसऱ्या गल्लीतला रुसतो, आणि तसंही ती तुम्ही लिहायची आहेत. झेंडीगेट, तोफखाना, सर्जेपुरा, माळीवाडा, मुकुंदनगर, सावेडी, भिंगार. प्रत्येक भागाचा आपला एक गोलकीपर असतो, ज्याच्यासारखा दुसरा झालाच नाही असं त्या भागाचं ठाम मत असतं. मला ही मतं हवी आहेत, भांडणांसकट.

कुणी म्हणेल, वर्तमानपत्रात येतंच की. येतं. 'सार्वमत' घ्या, 'नवा मराठा' घ्या, जुने अंक काढून चाळा. अमुक संघाने तमुक संघावर २-१ अशी मात केली, मध्यंतरापर्यंत बरोबरी होती, बक्षीस समारंभ अमक्यांच्या हस्ते झाला. बातमीच्या चार ओळींत पाहुण्यांची नावं तीन ओळी खातात. गोल करणाऱ्याचं आडनाव असलं तर असलं, पुष्कळदा चुकीचं. यात बातमीदाराला दोष देत नाही. त्याला जागाच तेवढी. पण तो गोल झाला कसा, कुणी पास दिला, पास देणाऱ्याने आधी दोघांना कसं गंडवलं, हे बातमीत कधीच नव्हतं. ते होतं मैदानाच्या कडेला सायकल लावून, कॅरिअरवर बसून सामना बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात. अजून आहे. तो माणूस आज सत्तरीत किंवा ऐंशीत आहे.

तोफखान्यातल्या एका घरी संघाचा एक जुना फोटो पाहिला. मागे सात उभे, पुढे खुर्च्यांवर पाच, आणि अगदी पुढे जमिनीवर कोपरांवर रेललेले दोन. मधोमध ढाल. ढालीशेजारी चेंडू, नाडी बांधायचा, चामड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा होणारा. त्यावर पांढऱ्या रंगाने साल लिहिलेलं होतं, पण शेवटचा आकडा चेंडूच्या गोलाईत पलीकडे गेलेला. उभ्यांपैकी दोघांच्या पायात बूट नाहीत. एकाचा सदरा बाकीच्यांपेक्षा फिकट, बहुधा उसना आणलेला. फोटो उलटा केला तर स्टुडिओचा शिक्का, खाली शाईने नावं. डावीकडून पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याच्या जागी नुसती रेघ. नावं लिहिणाऱ्यालाही तेव्हा ते आठवलं नव्हतं की भांडण होतं म्हणून लिहिलं नाही, देव जाणे. घरातल्या नातवाला त्या चौदा जणांतले फक्त आपले आजोबा ओळखता आले. तो फोटो आता माळ्यावरच्या पेटीत आहे, आणि घराचं काम काढायचं चाललंय.

अशी पेटी किती घरांत असेल?

त्या अनवाणी पायांवरून एक सांगतो, कारण ते कामाचं आहे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं, आणि मग फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. ही सक्ती वरच्या पातळीवरची. जिल्ह्यांच्या मैदानांवर अनवाणी पाय त्यानंतरही दिसत राहिले. त्यामुळे फोटोतले पाय बघून साल ठरवायला जाऊ नका. साल ठरवायला माणूसच लागतो, जो सांगेल की 'अहो, त्या वर्षी माझं मॅट्रिक होतं.'

हे काम आपण केलं नाही तर काय होतं, ते मोठ्या गावांकडे बघून कळतं. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. हैदराबाद पोलिसांनी तो १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. कूपरेज मैदानावर तो बघायला गिरण्यांतली आणि गोदीतली माणसं पाळी बदलून यायची. २०००-०१ नंतर ती स्पर्धा बंद पडली. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच गुंडाळला गेला. २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झालेला खालिद जमील याच महिंद्राकडूनही खेळला होता. मुंबई एफसी २००७ मध्ये निघाला, २०१७ नंतर दिसेनासा झाला.

आपल्याला जवळचं उदाहरण पुण्याचं. पुणे एफसीसुद्धा २००७ चाच. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला होता. आपली पोरं सकाळची एसटी धरून बालेवाडीला जायची, रात्रीच्या गाडीने परतायची. २०१५ मध्ये तो क्लब संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. पाच वर्षांत एकाच शहरातले तीन क्लब! ज्यांनी त्यांचे टी-शर्ट विकत घेतले होते त्यांच्याकडे आज टी-शर्ट आहेत, क्लब नाही. कंपनीने पैसे थांबवले की क्लब जातो, कार्यालय जातं, कार्यालयातलं कपाट जातं आणि कपाटातली ढालसुद्धा जाते. उरतो तो प्रेक्षक. पण प्रेक्षकाला आपल्याकडे काही उरलंय याची कल्पनाच नसते.

नेव्हिल डिसोझाचं घ्या. १९५६, मेलबर्न. ऑस्ट्रेलियावर भारताचा ४-२ असा विजय, त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला, ऑलिम्पिकमध्ये तेवढं वर आपण पुन्हा कधी गेलो नाही. नेव्हिल मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. मेलबर्नच्या त्याच संघातला गोलकीपर एस. एस. नारायण माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेला. नारायण २०२१ मध्ये ठाण्यात वारले. त्याच वर्षी टाटाचाच फॉर्च्युनाटो फ्रँको गेला, जकार्ताच्या १९६२ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदक विजेत्या संघातला. गोलांची संख्या पुस्तकात सापडते. पण नेव्हिल गोलकडे पाठ करून उभा असताना अचानक कसा वळायचा, की तसा वळायचाच नाही आणि हे मी उगाच रंगवतोय, हे सांगू शकणारा मुंबईकर आज कमीत कमी पंच्याऐंशीचा असेल. त्याच्याकडे कुणी वही घेऊन गेलं का?

कुणीतरी गेलं की काय होतं तेही बघा. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवण्याचं काम उभं केलं. ते कुणीतरी ऐकलं, कुणीतरी लिहिलं, म्हणून २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. मेलबर्न आणि जकार्ताच्या त्या संघांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या नशिबी 'मैदान' हा सिनेमा आला २०२४ मध्ये, ते वारल्यावर एकसष्ट वर्षांनी. आपल्या गोलकीपरवर सिनेमा निघणार नाही, मान्य. पण दोन पानं निघायला काय हरकत आहे?

कोल्हापूरचा उल्लेख टाळून महाराष्ट्रातल्या फुटबॉलवर लिहिताच येत नाही. तिथे अजूनही पेठा आणि तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारनंतर पेठेत दुकानदार सापडत नाही. सुखदेव पाटील, निखिल कदम यांच्यासारखे व्यावसायिक खेळाडू तिथून निघाले. अनिकेत जाधव तर २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. पेठेतला म्हातारा आजही तीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याचे अकराच्या अकरा खेळाडू एका दमात सांगतो. मी नगरकर आहे, कोल्हापूरच्या बाबतीत थोडी असूया आहेच. पण तिथेही कट्ट्यावरचं बोलणं कट्ट्यावरच राहतं. हाणामारी झाली की ती छापून येते. एखाद्या जुन्या सेंटर-हाफचा खेळ मात्र ऐकणाऱ्याच्या कानापलीकडे जात नाही. तेव्हा कोल्हापूर पुढे आहे म्हणून आपण मागे राहायचं कारण नाही. या एका बाबतीत सगळेच शून्यावर आहेत.

आता थोडं लांबचं. लंडनला विंबल्डन नावाचा क्लब होता. १९८८ मध्ये त्याने बलाढ्य लिव्हरपूलला १-० असं हरवून एफए कप जिंकला. पुढे मालकांनी क्लब उचलून दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं आणि २००२ मध्ये त्याला परवानगीही मिळाली. चाहत्यांनी काय करावं? त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला आणि पार खालच्या लीगपासून खेळायला सुरुवात केली. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती २००७ ची गोष्ट. त्यांनी जुन्या क्लबच्या ट्रॉफ्यांवरचा आणि इतिहासावरचा हक्क सोडला नाही. शेवटी नव्या गावच्या क्लबने तो वारसा सोडून दिला आणि ट्रॉफ्या मूळ भागाच्या, मर्टनच्या, नगरपालिकेकडे आल्या. माणसं धातूच्या कपासाठी भांडली नव्हती. त्या कपावर ज्यांची नावं होती ते आमचे, हे त्यांना कागदावर हवं होतं.

आपल्याकडे भांडायला समोर कुणी मालकही नाही, ही आपली सोय समजा. नुसतं बसून लिहायचं आहे.

यावर हमखास येणारा सवाल: 'पण ते खेळाडू एवढे मोठे होते का?' नव्हते. बहुतेक जण जिल्ह्याबाहेर फारसे गेले नसतील. कुणी एसटीत लागला, कुणी पोलिसात, कुणी कारखान्यात, कुणी वडिलांच्या दुकानात बसला. तरी एका दुपारी, पाचशे माणसांसमोर, त्यांनी असं काही केलं की त्यातल्या दोघा-तिघांना ते पन्नास वर्षांनी आठवतंय. मेस्सीच्या प्रत्येक गोलची चित्रफीत आहे. तो विसरला जाण्याची भीती नाही. माळीवाड्याच्या विंगरची एकही चित्रफीत नाही. जपायचं असेल तर कुणाला जपायचं, सांगा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जुनी माणसं वाढवून सांगतात. चाळीस फुटांवरून मारलेला गोल दर दहा वर्षांनी दहा फूट मागे सरकतो. सरकू द्या. तुम्ही पंच होऊन जाऊ नका. एकाच गोलबद्दल दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, आणि कोण काय म्हणालं तेही लिहा. मग वर्तमानपत्राचा जुना अंक काढून निकाल तपासा. २-१ होतं की २-२, ते तिथे कळेल. बाकीचं वादातच राहू दे. वाद आहे म्हणजे दोघांना आठवतंय.

आता कामाचं बोलू.

विचारायला जाल तेव्हा 'तुमचा आवडता खेळाडू कोण' असं विचारू नका. शाळेतल्या निबंधासारखं उत्तर येतं. 'तुमच्या विरुद्ध खेळणाऱ्यांत कुणाची भीती वाटायची' असं विचारा. 'मैदानात कुठल्या बाजूला बसायचात, शेजारी कोण असायचं' असं विचारा. जागा आठवली की माणसं आठवतात, माणसं आठवली की सामना आठवतो. टोपणनाव मिळालं तर थांबू नका, खरं नाव विचारा. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणाला कळणार 'पिंट्या' म्हणजे नक्की कोण? खेळाडू कुठल्या जागेवर खेळायचा, कुठल्या पायाचा होता, पोटापाण्याला काय करायचा, केव्हा खेळणं सोडलं आणि का. सोडण्याचं कारण नक्की विचारा. गुडघा, लग्न, नोकरी, रुसवा. पुष्कळदा खेळापेक्षा तीच गोष्ट जास्त सांगून जाते.

एकट्याला विचारण्यापेक्षा दोघांना एकत्र बसवा. दिल्लीगेटला चहा सांगा आणि गप्प बसा. एक जण चुकीचं सांगेल, दुसरा लगेच तोंड उघडेल. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा, आधी विचारून. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात बोला, म्हणजे पुढे गोंधळ नाही.

खेळाडूंपाशीच थांबू नका. पंच, लाइन्समन, मैदानावर फक्की मारणारे, बर्फाचा गोळा विकणारे, आपल्या खर्चाने चेंडू आणून देणारे, पोरांना सायकलवर डबलसीट बसवून सामन्याला नेणारे सर. यांची नावं ढालीवर कधीच नसतात. आणि मुली. आज त्या खेळताना दिसतात. त्यांचं आत्ताच लिहून ठेवा, चाळीस वर्षांनी कुणाला शोधत फिरायला लागू नये. पूर्वी कुठल्या शाळेत एखादी मुलगी पोरांत खेळायची का, तेही विचारा. एखाद्या आजी हसतील आणि विषय बदलतील. तिथेच जरा चिवटपणा करा.

आणि हे सगळं ठेवायचं कुठं? व्हॉट्सॲपवर नाही. तिथे फोटो दाबून बारीक होतो, चेहरे पुसट होतात. स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि ग्रुपमधलं सगळं 'शुभ सकाळ'च्या ढिगाऱ्याखाली जातं. फोटोची नीट, मोठ्या आकाराची प्रत काढा आणि मूळ फोटो ज्याचा त्याला परत द्या. तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या. जुन्या फोटोंच्या बाबतीत गावागावांत भांडणं झालेली आहेत. नावं लिहायची ती फोटोच्या मागे, मऊ शिसपेन्सिलीने. बॉलपेन दाबून लिहिलं की त्याचा वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो.

कागद ठेवायला आपल्या गावात जागा नाही असं कुणी म्हणू नये. आपलं जिल्हा वाचनालय १८३८ चं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० चं. अहमदनगर कॉलेजचं ग्रंथालय आहे. या तिघांकडे आपण मिळून जाऊ आणि विनंती करू की एक कपाट द्या, फुटबॉलचं. तिघांपैकी कुणीही हो म्हणालं तरी बाकी दोघांना प्रती देऊच. जिल्हा संघटना, सगळे क्लब, शाळांचे क्रीडाशिक्षक, भिंगारमधले निवृत्त सैनिक, सगळ्यांनी यात हात घालावा. कुठल्या एका क्लबच्या नावावर हे होऊ नये. झालं तर बाकीचे येणार नाहीत. नगरचा स्वभाव आपल्याला माहीत आहे.

तालुक्यांनीही मागे राहू नये. श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, राहुरी. साखर कारखान्यांच्या आणि शाळांच्या मैदानांवर कोण कोण खेळलं, ते तिथल्यांनीच सांगायचं. नगर शहरातून आम्ही येऊन लिहिलं तर आम्ही पुन्हा आमचेच खेळाडू मोठे करू.

सुरुवातीला प्रत्येकाने एकच माणूस धरा, एकच संध्याकाळ द्या, शाळेच्या वहीची दोन पानं भरा. शंभर जणांनी हे केलं तर दोनशे पानं होतात, आणि एवढं नगरच्या फुटबॉलवर आजवर कुणी लिहिलेलं नाही, असं मी पैजेवर सांगतो. पावसाळा यासाठी बरा. मैदानावर चिखल असतो, म्हातारी माणसं घरात कंटाळलेली असतात, भजी तळली जातात. मैदान सुकायच्या आत पहिली फेरी होऊन जाऊ दे.

कुणापासून सुरुवात करायची याची यादी करताना वयाने उतरत्या क्रमाने करा. ऐंशीच्या पुढचे आधी. साठीतले आपल्याला नंतर एखाद्या रविवारी भेटले तरी चालेल, त्यांना तसंही बोलायला वेळ पुष्कळ आहे. आणि फोटो लॅमिनेट करू नका. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की मागची नावं कुणाला लिहिता येत नाहीत.